पहिला मान, पहिला नंबर

सुमित्राबाई कटरे यांच्या ओसरीवर सोयरीक विचारायला माणूस आला की तो आधी पाणी पितो, मग आपला कुर सांगतो, मग मामाचा कुर, आणि पोराचं नाव सगळ्यात शेवटी. पोवार समाजात कुर म्हणजे कुळ. एका कुरात सोयरीक होत नाही, म्हणून नावाच्या आधी तेच विचारतात. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी जिथवर पोचतं तिथवरच्या गावांत कोणाची पोरगी लग्नाची झाली, कोणाचा पोरगा हैदराबादेत कामाला लागला, हे सुमित्राबाईंना त्या घरच्या आत्याच्याही आधी कळतं, असं बायका म्हणतात.

हे काम त्यांना कोणी नेमून दिलेलं नाही. नव्या नवरी होत्या तेव्हा सासूबरोबर लग्नकार्यात तांदूळ निवडायला बसायच्या. सुपासमोर बसलेल्या बायकांच्या तोंडून कोण कोणाची कोण, हे ऐकायच्या. ऐकलेलं विसरायच्या नाहीत. पुढं समाजाचे परिचय मेळावे सुरू झाले, लग्नाच्या मुलामुलींची माहिती पुस्तकात छापायची टूम निघाली, तेव्हा सगळ्यांना सुमित्राबाईच आठवल्या. गेली सव्वीस वर्षं ते पुस्तक त्याच तयार करतात. सकाळी तुळशीला पाणी, हनुमानचालिसा, यजमान नंदलालजींचा चहा, आणि मग वह्या.

वह्या दोन. एकीवर लिहिलेलं असायचं ‘छापायची’. तिच्यात जन्मतारीख, शिक्षण, उंची, दोन्हीकडचे कुर. दुसरीवर ‘मनातली’. लोक आवाज खाली आणून जे सांगतात ते हिच्यात. पोरगा आधी पीत होता, आता सोडली आहे. पोरगी आईशिवाय राहू शकत नाही, दूर देऊ नये. ही वही त्यांनी नंदलालजींनाही दाखवली नाही. पण ती वाचल्याशिवाय कधी कोणाची गाठ घातली नाही. लपवाछपवी करून जुळवलेलं लग्न म्हणजे देवाला वाहिलेलं शिळं फूल, असं त्या म्हणायच्या.

मग त्यांच्या बहिणीचा मुलगा उमेंद्र मधे आला. तो नागपूरला कंप्युटरच्या कंपनीत आहे. मागच्या दिवाळीला त्यानं आपला जुना लॅपटॉप मावशीला आणून दिला, त्यात लिनक्स नावाची यंत्रणा घातली, आणि दोन्ही वह्या तिला टाइप करायला शिकवलं. गावात मराठी टाइप करणाऱ्या साठीच्या बाईला बघायला शेजारणी आल्या होत्या. मोठ्या अक्षरात, एका बोटानं, पण चुका न करता.

अडचण एवढीच होती की पुस्तकाचं काम दोन जागी चालायचं. माहिती घरी भरायची, आणि पानं लावायची नि छापायची तिरोड्याच्या समाजभवनात, तिथं नव्यानं आलेल्या कंप्युटरवर. लॅपटॉपची बॅटरी गेलेली, शिवाय तो उचलून बसमध्ये चढायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला. यावर उमेंद्रनं तोडगा काढला. अंगठ्याएवढा एक पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं की मावशीचं सगळं आता याच्यात राहील. फाइली, पडद्यावरचा देवीचा फोटो, मोठी अक्षरं, सगळं. घरी लावला तर घरी, भवनात लावला तर भवनात, जिथं बसाल तिथं तुमचंच दिसेल. लिनक्समध्ये याला होम म्हणतात, म्हणाला.

सुमित्राबाईंनी ते दोनदा ऐकलं.

“मी भवनात बसली, तर घरच्या लॅपटॉपमंदी काय राहते?”

“काहीच नाही मावशी. नुसती मशीन.”

“म्हंजे देह दोन नि जीव एक?”

“तसंच समजा.”

“आणि तो जीव मी पिशवीत घेऊन बसनं जाऊन राहिली?”

उमेंद्र हसला. सुमित्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनड्राइव्हला लाल दोरा बांधला, आणि त्या दिवसापासून तो ब्लाउजच्या आत, मंगळसूत्राशेजारी राहू लागला. एकदा बाजारातल्या दुकानी त्यांनी तो लावून पाहिला, तर तिथला कंप्युटर म्हणाला की हे मला वाचता येत नाही, सगळं पुसून नवं करू का. सुमित्राबाईंनी तो असा उपटला की दुकानदार दचकला. त्यानंतर परक्या मशीनला त्या नुसत्या लांबून बघत.

समाजभवनातल्या कंप्युटरची गोष्ट अशी की तो देणगीत आलेला. पौषातल्या एकादशीला त्याची पूजा झाली. नारळ फुटला, पडद्याच्या चौकटीला हळदीकुंकू लागलं, आणि पहिल्यांदा त्याच्यावर बसायचा मान कोणाचा, यावर थोडी कुजबुज झाली. काम सुमित्राबाई करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मान पदाला असतो. सचिव हेमेंद्र रहांगडाले यांना पुढं केलं. उमेंद्र नागपूरहून फोनवर एकेक पायरी सांगत होता. हेमेंद्रभाऊंनी आधी स्वतःचं नाव घातलं, टाळ्या झाल्या, प्रसाद वाटला, मग दुसरं नाव सुमित्राबाईंचं घातलं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. सुमित्राबाईंनाही नाही.

हेमेंद्रभाऊ माणूस कामाचा. तिरोड्यात बियाण्याचं दुकान, घरी सहा एकर धान, आणि भवनाची किल्ली त्यांच्याच कमरेला. त्यांचा मुलगा प्रफुल याच्यासाठी सुमित्राबाईंनी एक स्थळ काढलं होतं. दामिनी पटले. शेजारच्या गावात टपाल कार्यालय सांभाळते, सव्वीस वर्षांची, कामाला चोख. एक बैठक झाली होती, दुसरी येत्या रविवारी व्हायची होती.

या दामिनीनं दिवाळीनंतर सुमित्राबाईंना एक गोष्ट सांगितली होती. आठवीत असल्यापासून तिला झटके यायचे. गावात त्याला मिरगी म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना तोंड वाकडं करतात. गेल्या चार वर्षांत एकही आला नव्हता, गोळी चालू होती. प्रफुलला ती हे साखरपुड्याच्या आधी सांगणार होती. “पण काकी, मी सांगीन. माझ्या तोंडानं. दुसऱ्या कोणाच्या नाही,” असं म्हणून तिनं सुमित्राबाईंचा हात धरला होता. सुमित्राबाईंनी देवाची शपथ घेतली, घरी आल्या, आणि सवयीनं ‘मनातली’मध्ये सगळं टाइप करून ठेवलं.

पुस्तकाची तारीख जवळ आली, तेव्हा गुरुवारी सकाळी त्या पहिल्यांदाच पेनड्राइव्ह घेऊन भवनात गेल्या. लावला. पडद्यावर स्वतःचं नाव दिसलं. पासवर्ड घातला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा तेच नाव, तीच पासवर्डची रिकामी जागा. चुकला म्हणावं, तर चुकला असं मशीन म्हणत नव्हतं. पुन्हा घातला. पुन्हा तेच. देवळाच्या उंबऱ्यावर पाय ठेवावा आणि पुजाऱ्यानं काही न बोलता खांदे धरून मागं फिरवावं, तसं आठ वेळा झालं. आज काही अशुभ शिवलं का, सकाळची पोथी अर्धी राहिली का, हे सगळं सुमित्राबाईंनी आठवून पाहिलं.

हेमेंद्रभाऊ दुकानातून आले. म्हणाले, थांबा जी, मी पाहतो. ते स्वतःच्या नावानं आत गेले, आणि पेनड्राइव्ह तर लगेच उघडला. कुलूप नाही, अडवणूक नाही. सुमित्राबाईंचं सगळं पडद्यावर, हेमेंद्रभाऊंच्या नावाखाली.

“माझ्या नावानं तर बरोबर चालून राहिलं,” ते म्हणाले. “तुमचं तुमाले देत नाही, नि मले देते.” आणि हसले.

सुमित्राबाईंना हसावं का रडावं, तेही कळेना. त्यांचंच नाव, त्यांचाच दोरा, त्यांनीच टाइप केलेलं. हेमेंद्रभाऊ म्हणाले की आता वेळ कशाला घालवायचा, सगळं इथंच उतरवून घेतो, पानं लावायला सोपं. त्यांनी सगळ्या फाइली उचलल्या आणि आपल्या जागेत टाकल्या. पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत गेली. सुमित्राबाई ती भरताना बघत राहिल्या. डोक्यात एकच होतं, की भवनातल्या मशीनची हीच रीत असेल. पट्टी भरली, तेवढ्यात चहा आला.

बसमध्ये बसल्यावर, गाव दोन फाट्यांवर राहिलं असताना, त्यांच्या लक्षात आलं की ‘छापायची’बरोबर ‘मनातली’ही गेली.

घरी येऊन त्यांनी उमेंद्रला फोन लावला. तो कामात होता, पण मावशीचा आवाज ऐकून बाहेर आला. त्यानं समजावलं ते असं. लिनक्स माणसाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखते. पहिल्यांदा ज्याचं नाव पडतं त्याला हजार नंबर मिळतो, दुसऱ्याला हजार एक. घरच्या लॅपटॉपवर पहिलं नाव मावशीचं, म्हणून मावशी हजार. पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलीवर मालक म्हणून तोच हजार लिहिलेला. भवनात पहिलं नाव हेमेंद्रभाऊंचं, म्हणून तिथं हजार ते, आणि मावशी हजार एक. त्या मशीनच्या दृष्टीनं मावशीच्या सगळ्या फाइली हेमेंद्रभाऊंच्या, आणि मावशी परकी.

“पण नाव तर माझं आहे ना त्याच्यावर.”

“नाव माणसानं वाचाले आहे मावशी. ते नंबर पाहते.”

“म्हंजे हेमेंद्रभाऊनं काही केलं नाही?”

“नाही. कोणीच काही नाही केलं. चूक असन तर माझी. नंबर जुळवून द्याले पाहिजे होते. नि कुलूपबी लावाले पाहिजे होतं, पण तुमी दोन पासवर्ड विसरसान म्हणून नाही लावलं.”

सुमित्राबाईंना हे अधिकच अवघड गेलं. चोरी झाली असती तर चोराला शिव्या देता आल्या असत्या. नंदलालजी बाजूला बसून सगळं ऐकत होते. तीस वर्षं ते कालव्यावर चौकीदार होते. म्हणाले, पाण्याच्या पाळीचंही असंच, कागदावर नंबर चढला त्याच्या धानाच्या बांधीत पाणी जाते, मग जमीन कोणाच्या बापाची का असेना. सुमित्राबाई म्हणाल्या की पाणी परत वळवता तरी येतं, अजी. नंदलालजींनी विचार करून सांगितलं की नाही येत.

उमेंद्रला त्यांनी शेवटचं विचारलं की जे हेमेंद्रभाऊंच्या जागेत उतरलं, ते मागं घेता येतं का. पुसता येईल, म्हणाला. पण कोणी वाचलं असेल तर ते पुसता येत नाही.

शनिवारी हेमेंद्रभाऊंचा निरोप आला. रविवारची बैठक सध्या राहू द्या, उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे, बाया मिळत नाहीत, पुढं पाहू.

आता हे खरं होतं. रोवणी चालूच होती, बाया मिळतच नव्हत्या. पण मागच्या बैठकीला हेच हेमेंद्रभाऊ कापणी टाकून आले होते. सुमित्राबाई निरोप दहा वेळा वाचत बसल्या. वाचलं असेल? नसेल? विचारावं तर काय विचारावं? माझ्या फाइलीत दामिनीबद्दल वाचलं का, असं विचारलं की तिथं दामिनीबद्दल काही आहे हे आपणच सांगितलं. गप्प बसावं तर शपथ मोडलेली. त्या दिवशी वरणाला फोडणी दोनदा पडली आणि भाजीत मीठच नव्हतं. नंदलालजींनी मीठ वरून घेतलं.

सोमवारी सकाळी आरती आटोपून त्या दामिनीच्या टपाल कार्यालयात गेल्या. लहानशी खोली, एक खिडकी. दामिनी शिक्के मारत होती. सुमित्राबाईंनी हजार, हजार एक, हिरवी पट्टी, सगळं सांगितलं. सांगताना त्यांच्याच लक्षात आलं की हे सगळं त्या दामिनीला नाही, स्वतःला समजावून राहिल्यात.

दामिनी शिक्के मारतच होती. मग थांबली.

“ते नंबर-फंबर राहू द्या काकी. तुमी लिवलं कायले?”

“ध्यानात राहाव म्हणून.”

“तुमच्या ध्यानातून आजवर काही गेलं?”

सगळ्या समाजाचे कुर तोंडपाठ असलेल्या बाईला एक वाक्य लिहून ठेवायची गरज नव्हती. मग का लिहिलं? सव्वीस वर्षं लिहीत आल्या म्हणून. लिहिलं की दुसऱ्याची गोष्ट थोडी आपली होते म्हणूनही असेल. त्यांना नक्की सांगता येईना.

“भाऊनं नसनबी वाचलं,” त्या म्हणाल्या.

“नसन. पण मले तं वाचलं असंच धरून चालाव लागन.” दामिनीनं शिक्का बाजूला ठेवला. “मी पयली सांगणार होती काकी. एवढंच पाहिजे होतं मले. आता मी पयली आहे का दुसरी, तेबी मले मालूम नाही.”

तिनं तिथंच फोन काढला आणि प्रफुलला लावला. सुमित्राबाई बाहेर जायला निघाल्या, तर तिनं हातानं थांबवलं. एका बाजूचं बोलणं त्यांना ऐकू आलं. हो, आठवीपासून. नाही, आता चार वर्षं झाली. गोळी, सकाळ-संध्याकाळ. घरी सांगू नका असं मी म्हणत नाही, तुमचं तुम्ही पाहा. मग फोन बंद.

“काय म्हणे?”

“म्हणे, बरं.”

“बरं म्हंजे?”

“बरं म्हंजे बरं, काकी. मी त्याच्या पोटात बसली आहे का?”

मंगळवारी सुमित्राबाई भवनात गेल्या. उमेंद्र फोनवर होता, हेमेंद्रभाऊ खुर्चीवर. उमेंद्रचं म्हणणं असं की दोन्ही मशीनवर मावशीला एकच नवा नंबर द्यायचा, म्हणजे पुन्हा गोंधळ नाही. सुमित्राबाईंनी एकशे आठ मागितला. जपमाळेचे मणी तेवढेच. उमेंद्र म्हणाला की हजाराच्या खालचे नंबर मशीनच्या घरच्या नोकरांना वाटून दिलेले असतात, ते नाही मिळत. शेवटी अकराशे आठवर तोड झाली. हेमेंद्रभाऊंनी तो सांगेल ती अक्षरं दाबली, फाइलींची मालकी बदलली, आणि या वेळी पासवर्ड घातल्यावर देवीचा फोटो उघडला. सुमित्राबाईंनी हात जोडले.

मग त्यांनी हेमेंद्रभाऊंना सांगितलं की गुरुवारी उतरवलेल्यातलं ‘छापायची’ तेवढं राहू द्या, बाकी पुसा. त्यांनी लगेच पुसलं, कचऱ्याच्या डब्यातूनही काढलं, पडदा त्यांच्याकडं वळवून दाखवला. तेव्हा सुमित्राबाईंच्या तोंडून गेलंच.

“भाऊ, तुमी त्याच्यातलं काही उघडलं होतं का?”

“छापायचीच उघडली जी,” हेमेंद्रभाऊ म्हणाले. “बाकीच्याले काऊन हात लावू मी?” त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. चष्मा ते दिवसातून वीसदा पुसतात. त्यावरून काय समजावं?

सुमित्राबाईंनी आपल्या पेनड्राइव्हवरचीही ‘मनातली’ काढून टाकली. उमेंद्रनं विचारलं, एक नक्कल ठेवू का कुठं? त्यांनी नाही म्हटलं. एकेचाळीस जणांचं होतं तिच्यात. त्यातलं एकही वाक्य त्यांना विसरता आलं नाही, ते वेगळं. बाकी चाळीस जणांना जाऊन सांगायचं का, हे त्यांनी देवाला विचारलं. देवानं काही स्पष्ट सांगितलं नाही. म्हणून त्या दर दिवशी एका घरी जाऊ लागल्या. काही जण चिडले, एकीनं चहाही दिला नाही. एक जण म्हणाला, मी तुम्हाला असं काही सांगितलं होतं, हेच मी विसरलो होतो.

पंधरा दिवसांनी रोवणी संपली आणि रहांगडाल्यांकडून आपणहून निरोप आला की येत्या रविवारी दामिनीच्या घरी येतो. आले. हेमेंद्रभाऊ, त्यांची घरवाली आणि प्रफुल. दामिनीनं स्वयंपाकघरात सुमित्राबाईंना हळूच सांगितलं की प्रफुलनं फोनवर एवढंच म्हटलं आहे, मी घरी अजून बोललो नाही, साखरपुड्याआधी बोलेन. तो रोज फोन मात्र करतो, आणि पहिलं विचारतो की गोळी घेतली का.

लाखोरीच्या डाळीचे वडे झाले, चहा झाला. हेमेंद्रभाऊंची घरवाली दामिनीच्या आईला सांगत होती की आमच्याकडं चतुर्थीचा उपास सगळ्या सुना धरतात, चंद्र पाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही.

हेमेंद्रभाऊ वडा मोडता मोडता म्हणाले, “ते उपास-गिपास हिच्या मागं नोको लावू. पोट्टी नोकरीवाली आहे. टायमावर खाऊन-पिऊन राहू दे.”

घरवाली नवऱ्याकडं बघतच राहिली. आजवर तिच्या उपासांबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

दामिनीला डॉक्टरनं उपाशी राहायचं नाही असं बजावलं होतं. ते सुमित्राबाईंना माहीत होतं, आणि ‘मनातली’तही होतं. त्यांनी प्रफुलकडं पाहिलं, तर तो बशीत खाली बघत होता. हेमेंद्रभाऊंकडं पाहिलं, तर ते चटणी मागत होते. वाचलं होतं म्हणून म्हणाले? पोरानं सांगितलं म्हणून? की खरंच नोकरीवालीच्या काळजीनं? वाचूनच बैठक पुढं ढकलली आणि वाचूनच परत आले, की वाचलंच नाही आणि रोवणी ती रोवणीच होती? सव्वीस वर्षं माणसांची तोंडं वाचून गाठी घालणाऱ्या बाईला समोरच्या एका ओळखीच्या तोंडावरचं काहीच लागेना.

“घ्या काकी,” दामिनीनं त्यांच्यापुढं ताट धरलं. तिचा चेहरा मोकळा होता. तिनं ते ऐकलं होतं, आणि तिला त्याचा अर्थ लावायची घाई दिसत नव्हती.

सुमित्राबाईंनी एक वडा उचलला आणि तो हातात धरून बसून राहिल्या.